एका आसनाचे विमान

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून विमानांच्या छोट्या प्रतिकृती जोडण्याचा छंद आपल्याकडे फारसा रुजला नाही. आकाशकंदील, पतंग आणि नाताळचा गोठा एवढ्यात आपल्या हातांची हौस भागते. इंग्लंड-अमेरिकेत मात्र हा छंद गेल्या शतकाच्या चौथ्या दशकापासून चालत आलेला आहे. दुकानात एक खोके मिळते. त्यात काड्यांच्या चौकटीला चिकटलेले पंख, धड, शेपूट, चाके, पारदर्शक काच आणि पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे असतात. एकास बहात्तर हे त्यातील फार रूढ असलेले प्रमाण. खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे प्रतिकृतीतला एक इंच. त्या हिशेबाने सहा फुटी वैमानिक बरोबर एका इंचात उभा राहतो. दुसऱ्या महायुद्धात आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते, हे सैनिकांना नजरेने ओळखता यावे म्हणून याच प्रमाणातल्या प्रतिकृती वापरल्या जात.

या छंदात एक पायरी अशी आहे की जिथे खोक्यातला सूचनांचा कागद बाजूला ठेवावा लागतो. एकाच विमानाचे अनेक प्रकार असतात. कुणाचे नाक लांब, कुणाचे पंख आखूड, कुणात एक आसन तर कुणात दोन. कारखानदार जो प्रकार खपेल त्याचा साचा काढतो. आपल्याला हवा असलेला प्रकार बाजारात नसला, की मिळेल तो घ्यायचा आणि कापून, घासून, भरून त्यातून हवा तो घडवायचा. इंग्रजीत याला कन्व्हर्शन म्हणतात. धर्मगुरूच्या तोंडी हा शब्द आला की ऐकणारे जरा सावरून बसतात. वाचकांनी निर्धास्त असावे. या लेखात जे काही बदलले गेले ते प्लॅस्टिकचे होते. निदान मी कानस चालवली ती प्लॅस्टिकवरच.

मला हे वेड माझ्या थोरल्या भावामुळे लागले. तो मालवाहू जहाजावर होता आणि दर सुट्टीत एखादे खोके आणी. सेमिनरीत गेल्यावर वेळ मिळेना, तरी सुट्टीच्या दिवसांत एखादे विमान जुळवून होई. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांनी शिणलेल्या डोक्याला पॉलिश पेपरची घासघास फार मानवते. धर्मग्रामाची जबाबदारी आल्यावर हा छंद रात्रीच्या जेवणानंतरच्या अर्ध्या तासात जाऊन बसला. धर्मगुरू निवासातल्या माझ्या खोलीत कपाटावर चार-पाच विमाने धूळ खात उभी असतात, हे आमच्या लोकांना ठाऊक आहे. म्हणूनच ते खोके माझ्याकडे आले.

आमच्या धर्मग्रामातले एक आजोबा वायुदलातून निवृत्त झाले आहेत. १९६८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते भरती झाले आणि वीस वर्षांनी घरी आले. विमानांवरील शस्त्रे सांभाळणाऱ्या तुकडीत ते होते. तोफा उतरवायच्या, पुसायच्या, तेल द्यायचे, गोळ्यांचे पट्टे भरायचे, हे त्यांचे काम. त्यातली बरीच वर्षे नॅट या लढाऊ विमानाच्या सेवेत गेली. गेल्या काही वर्षांत काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ नेली आहे. उजेड आणि सावली एवढेच कळते.

त्यांचा नातू क्रूझ जहाजावर नोकरीला आहे. जहाज साउदम्प्टनला लागले असताना तिथल्या एका दुकानात त्याला खोके दिसले. वर ठळक नाव होते, फोलंड नॅट. आजोबांचे विमान! पोराने आपल्या पगारातून ते घेतले, सुट्टीवर येताना कपड्यांच्या मध्ये जपून आणले आणि घरी आल्यावर दोन रात्री बसून जुळवले. ब्रिटनच्या प्रसिद्ध रेड ॲरोज पथकाच्या लाल रंगात ते रंगवायचे होते. पण रंग राहू दे, आजोबांना कुठे दिसणार, म्हणून त्याने ते तसेच त्यांच्या हातात दिले.

आजोबांनी ते विमान चाचपले. नाकापासून शेपटीपर्यंत बोटे फिरवली, परत नाकाकडे आली, पोटाखालून गेली. मग ते म्हणाले, "हे नॅट नव्हे."

नातवाने खोक्यावरचे नाव वाचून दाखवले. ते म्हणाले, "लिहिलं असेल. पण यात दोन माणसं बसवलीत. पंख मोठा आहे. शेपूट उंच आहे. आणि तोफा कुठे आहेत?"

एवढ्याने काही बिघडले नसते. परंतु त्या घरात गेले वर्षभर दुसरीच एक गोष्ट चालली होती. आजोबा सकाळची गोळी घेतली की नाही हे विसरत. एकदा देवळातून परतताना शेजारच्या आळीत शिरले. बघता बघता घरच्यांनी मनाशी ठरवून टाकले की बाबांचे आता डोकेही चालेनासे झाले आहे. पेन्शनचे पासबुक सुनेने आपल्या कपाटात ठेवले. वाडीच्या व्यवहारात त्यांना कुणी विचारीनासे झाले. यात दुष्टपणा नव्हता, काळजीच होती. आणि आता त्यांनी स्वत:चे विमानही ओळखले नाही! ज्या विमानावर आयुष्याची उमेदीची वर्षे काढली तेच हातात घेऊन ते म्हणत होते, हे नव्हे. घरच्यांच्या दृष्टीने हा शेवटचा पुरावा झाला. नातू मात्र दुखावला होता. ते खोके आणि ते जुळवलेले विमान घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "फादर, तुम्हाला यातलं कळतं. आजोबांचं खरंच काही खरं नाही का?"

मी त्याला बसवले आणि म्हटले, आपण मोजून बघू.

नॅटची कथा थोडी सांगायला हवी. डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर नावाचे एक इंग्रज विमान-रचनाकार होते. लायसँडर आणि कॅनबेरा ही विमाने त्यांच्याच आराखड्यांतून आली. १९५० च्या सुमारास लढाऊ विमाने दिवसेंदिवस मोठी, जड आणि महाग होत चालली होती. पेटर यांना हा रस्ता चुकीचा वाटला. फोलंड कंपनीत आल्यावर त्यांनी शक्य तितके लहान, हलके आणि स्वस्त लढाऊ विमान आखले. तेच नॅट. त्याचे पहिले उड्डाण १८ जुलै १९५५ रोजी झाले. फोलंडचा कारखाना साउदम्प्टनजवळच्या हॅम्बल गावी होता. नातवाला कल्पना नव्हती, पण ज्या शहरात त्याने ते खोके घेतले त्याच्याच उंबरठ्यावर आजोबांचे विमान जन्मले होते. पुढे पेटर यांनी विमानांचा व्यवसाय कायमचा सोडला आणि स्वित्झर्लंडमधल्या एका धार्मिक समुदायात जाऊन राहिले.

ब्रिटिश वायुदलाने एक आसनी लढाऊ नॅट आपल्या पथकांसाठी घेतलेच नाही. भारताने मात्र १९५६ मध्ये ते बनवण्याचा करार केला आणि बंगळूरला जुळवलेले नॅट १९५९ मध्ये उडाले. ३ सप्टेंबर १९६५ रोजी स्क्वॉड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांना नॅटमधून एक सेबर विमान पाडल्याचे श्रेय मिळाले. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या तळावर सेबर विमानांचा हल्ला चालू असतानाच फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी नॅट उडवले, एकट्याने झुंज दिली आणि त्यात त्यांना वीरमरण आले. परमवीर चक्र मिळालेले वायुदलातील ते आजवरचे एकमेव वीर आहेत.

ब्रिटिशांना हवे होते ते शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान. त्यांच्या मागणीवरून फोलंडने नॅटला दुसरे आसन जोडले. दुसरा माणूस आला की त्याच्यामागे बरेच काही येते. धड लांबवावे लागले. नवशिक्याला बेताच्या वेगाने उतरता यावे म्हणून पंखांचे क्षेत्रफळ वाढवले. शेपटीचा उभा पंख मोठा केला. तोफा काढून टाकल्या. रेड ॲरोज पथकाने १९६५ ते १९७९ या काळात कसरती केल्या त्या याच दोन आसनी नॅटवर, आणि लाल रंगातले ते विमान जगभर छायाचित्रांतून पोहोचले. साहजिकच खोक्यात तेच आले. आपल्या वायुदलात दोन आसनी नॅट कधी आलेच नाही. आपला वैमानिक नॅटमध्ये पहिल्यांदा बसे तो एकटाच.

माझ्याजवळच्या एका जुन्या पुस्तकात दोन्ही प्रकारांची मापे होती. एक आसनी नॅटची लांबी सुमारे ८.७ मीटर, पंखांचा विस्तार ६.७ मीटर. दोन आसनीची लांबी सुमारे ९.७ मीटर, विस्तार ७.३ मीटर. पंखांचे क्षेत्रफळ पहिल्यात १३७ चौरस फूट, दुसऱ्यात १७५. नातवाने फूटपट्टी घेऊन आपले विमान मोजले आणि बहात्तरने गुणले. उत्तर दुसऱ्या रकान्यात पडले. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत बसला. खोक्यावर नॅट लिहिले होते ते खरे होते. आजोबा म्हणाले, हे नॅट नव्हे, तेही खरे होते. कारण त्यांच्या हातांना ठाऊक असलेले नॅट ते नव्हतेच. एका नावाखाली दोन विमाने होती आणि त्या घरात हे ज्याला माहीत होते त्यालाच दिसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. सहज विचारावे तसे विचारले, "काका, नॅटच्या तोफेला गोळ्या किती लागायच्या?"

"एकेकीला एकशे पंधरा," ते क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. "तीस मिलिमीटरच्या एडन तोफा. दोन. डावी-उजवी."

पुस्तकात तोच आकडा होता. सकाळची गोळी विसरणाऱ्या माणसाला त्या गोळ्या विसरता येत नव्हत्या. सून दारात उभी होती. तिने ऐकले, पण ती काही बोलली नाही.

नातवाला पुन्हा जहाजावर जायला पाच आठवडे होते. आम्ही ठरवले की याच विमानाचे एक आसनी नॅट करायचे. भेट म्हणून आणलेली आणि स्वत:च्या हातांनी जुळवलेली वस्तू करवतीखाली द्यायला मन धजत नाही. म्हणून मी पाते त्याच्याच हातात दिले. मी आखून देणार, कापणार तो. एकदा कापल्यावर मागे फिरता येत नाही, हे या कामाचे वैशिष्ट्य आहे. मी त्याला दोन दिवस विचार करायला सांगितले. तो दुसऱ्याच संध्याकाळी आला.

ज्यांना अशा कामाची आवड आहे त्यांच्यासाठी थोडे तपशिलाने लिहितो. प्रथम एक आसनी नॅटचे बाजूने व वरून काढलेले रेखाचित्र एकास बहात्तर प्रमाणात कागदावर उतरवले. लांबीतला फरक खऱ्या विमानात जवळजवळ एक मीटरचा, म्हणजे प्रतिकृतीत सुमारे तेरा मिलिमीटरचा. धडावर चिकटपट्टीची सरळ कड लावून दोन आडव्या रेषा आखल्या. हॅक्सॉच्या बारीक दात्यांच्या पात्याचा अर्धा तुकडा कापडात गुंडाळून नातवाने हळूहळू छेद दिला. दाब द्यायचा नाही. पात्याचे वजनच पुरते. मधला बांगडीसारखा तुकडा निघाला तेव्हा त्याने तो तळहातावर घेऊन माझ्याकडे पाहिले. शस्त्रक्रिया पहिल्यांदा पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा चेहरा असतो तसा त्याचा चेहरा झाला होता.

उरलेले दोन भाग जोडताना नेहमीची अडचण येते. धड हे सरळ नळकांडे नसते. पुढे निमुळते होत जाते. मधला तुकडा काढला की पुढचा आणि मागचा घेर जुळत नाही, पायरी पडते. आतून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा आधार देऊन आम्ही ते जोड पक्के केले आणि बाहेरची पायरी एम-सीलने भरली. मागच्या आसनाचा खड्डा प्लॅस्टिकच्या पत्र्याने झाकला आणि त्यावर लांबी भरून विमानाची पाठ घडवली. भरायचे, वाळू द्यायचे, घासायचे, परत भरायचे. ओल्या पॉलिश पेपरने घासल्यावर डोळ्यांना सपाट दिसणारी जागा बोटाला खडबडीत लागते. डोळे मिटून हात फिरवायचा, ही या कामातली जुनी रीत आहे. आमचा परीक्षक तर दुसऱ्या कोणत्याही रीतीने पाहणारच नव्हता.

पंखांचे काम सर्वांत नाजूक. विस्तार प्रत्येक बाजूला चार मिलिमीटरने कमी करायचा आणि रुंदीही सरासरी पाच मिलिमीटरने उतरवायची. नुसती कड कापली तर ती जाड राहते. पंखाची मागची कड धारेसारखी पातळ असावी लागते. म्हणून कापल्यावर वरून आणि खालून कानस चालवून ती पुन्हा निमुळती केली. दोन्ही प्रकारांत आणखी एक फरक आहे. दोन आसनी विमानात विमान कलते करणारे एलेरॉन पंखाच्या बाहेरच्या भागात आणि उतरताना खाली येणारे फ्लॅप आतल्या भागात असतात. एक आसनीत एलेरॉन आतल्या बाजूलाच असून उतरताना तेच खाली झुकून फ्लॅपचेही काम करतात. प्रतिकृतीवर हे सारे केसाएवढ्या खाचांनी दाखवलेले असते. जुन्या खाचा भरून टाकल्या आणि पट्टीला धरून सुईच्या टोकाने नव्या कोरल्या. शेपटीचा उभा पंख रेखाचित्रावर ठेवून घासत घासत लहान केला.

तोफा आजोबांच्या, म्हणून त्या मी स्वत: केल्या. इंजिनाला हवा देणारी दोन तोंडे धडाच्या दोन्ही अंगांना असतात. त्यांच्या बाहेरच्या भिंतीत एकेक तोफ बसवलेली असे. तिथे बारीक गोल कानशीने पन्हळ काढली आणि इंजेक्शनच्या सुईचा छोटा तुकडा बसवला. दवाखान्यातल्या सिस्टरनी नवीकोरी सुई दिली आणि कशासाठी हवी हे तीन वेळा विचारले.

काचेचे झाकण खोक्यातले चालणार नव्हते. ते दोघांना पुरेल एवढे लांब होते. वाडीतल्या पांगाऱ्याच्या मऊ लाकडाचा नव्या झाकणाच्या आकाराचा ठोकळा कोरला, घासून गुळगुळीत केला. पातळ फळीत त्याच आकाराचे भोक पाडले. मिठाईच्या खोक्याचे पारदर्शक झाकण त्या फळीवर टाचण्यांनी ताणून बसवले, गॅसच्या आचेवर दुरून धरले आणि ते लवलवू लागताच ठोकळा खाली दाबला. पहिले चारही प्रयत्न वाया जातात, हे गृहीतच धरायचे असते. पाचव्या खेपेस स्वच्छ घुमट निघाला.

शेवटी नाकात वजन. या विमानाला तीन चाके असतात आणि शेपटीकडे भार जास्त झाला तर ते मागे बसते. कोळीवाड्यातून जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या आणि ठोकून चपट्या करून नाकाच्या पोकळीत बसवल्या. समुद्रात जायचे शिसे विमानात गेले म्हणून नातू हसला. त्या पाच आठवड्यांत तो पहिल्यांदा मोकळेपणाने हसला तो तेव्हा.

काम चालू असताना अधूनमधून तो आजोबांना काही विचारून येई. पहिल्यांदा मीच पाठवले होते, पुढे तो आपणहून जाऊ लागला. चाकांची झाकणे कशी होती? आजोबा सांगत, "नॅटला वेगळे ब्रेक नव्हते हवेत. चाकं अर्धी खाली सोडायची, त्यांची झाकणंच हवा अडवायची." विमान किती उंच होते? "शिडी कशाला लागते? जमिनीवर उभं राहून मी तोफेची झाकणं उघडायचो. हंटरपुढे आमचं विमान म्हणजे गाईपुढे वासरू." हंटर चौदा मीटर लांब आणि नॅट पावणेनऊ, तेव्हा उपमा चुकीची नव्हती. या प्रश्नोत्तरांना हळूहळू सूनही येऊन बसू लागली. एकदा तिने विचारले, "बाबा, एवढा आवाज व्हायचा तर रात्री झोप लागायची का?" सासऱ्याच्या नोकरीबद्दल तिने विचारलेला तो पहिलाच प्रश्न असावा.

रंगाचा विषय निघाला तेव्हा मला वाटले होते, ते म्हणतील, मला काय दिसणार, काहीही द्या. ते म्हणाले, "चंदेरी द्या. मी गेलो तेव्हा चंदेरीच होती. नुसता धातू, उन्हात बघवत नसे." शेपटीवरचा क्रमांकही त्यांनी सांगितला. तो मी इथे लिहीत नाही. तो त्यांच्यापाशीच असावा. तिरंगी चक्रे मी कंपासला रंगाची टाक लावून काढली.

नातू जाण्याच्या चार दिवस आधी आम्ही ते घेऊन गेलो. जेवणाच्या टेबलावर एक टॉवेल अंथरला. आजोबांनी हात धुतले, पुसले आणि विमान दोन्ही हातांत घेतले. या खेपेस त्यांनी नाकापासून सुरुवात केली नाही. उजव्या हाताचा अंगठा थेट हवेच्या तोंडाच्या बाहेरच्या भिंतीवर गेला आणि तिथल्या पन्हळीत जाऊन थांबला. मग डावा अंगठा पलीकडच्या बाजूला. बराच वेळ ते तसेच धरून बसले होते. नंतर बोटे वर गेली, झाकणाच्या घुमटावरून फिरली, पाठीवरून शेपटीकडे उतरली, पंखांच्या टोकांशी गेली. नखाने त्यांनी एलेरॉनची खाच शोधली.

"झाकण थोडं फुगलंय," ते म्हणाले.

मी रेखाचित्रावर धरून पाहिले. अर्धा मिलिमीटर असेल नसेल. खऱ्या विमानावर तो सुमारे दीड इंच होतो. नातू म्हणाला, "उद्या दुसरं काढू." आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी ठोकळा घासून आम्ही नवे झाकण काढले. आजोबांनी ते चाचपले आणि मान हलवली. त्यांच्या खात्यात शाबासकी एवढीच देत असावेत.

मी निघालो तेव्हा सून आतून पासबुक घेऊन आली. तिने ते सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाली, "बाबा, या महिन्याची पेन्शन जमा झाली का ते बघायला उद्या बँकेत जाऊ. तुम्ही चला बरोबर." त्यांनी विचारले, "उद्या चौथा शनिवार ना? बँक बंद." तिने भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. चौथा शनिवारच होता.

यामुळे त्यांची सगळी विस्मरणे नाहीशी झाली असे कुणी समजू नये. गोळी ते अजूनही विसरतात आणि ती आठवण करून द्यावीच लागते. म्हाताऱ्या माणसाची स्मृती एकाच वेळी दोन्ही प्रकारची असू शकते, काही ठिकाणी झिजलेली आणि काही ठिकाणी पोलादासारखी. कुठे झिजली आहे आणि कुठे नाही, हे पाहायला मात्र जवळ बसून विचारावे लागते, आणि उत्तर मिळाले की ते ताडून पाहण्याची तसदी घ्यावी लागते. म्हाताऱ्यांचे ऐकून घेणे आपल्याला जमते. ते खरे असू शकेल असे धरून फूटपट्टी काढणे सहसा सुचत नाही. त्या घरात नातवाने ती काढली, आणि स्वत:च्या भेटवस्तूवर करवत चालवण्याची त्याची तयारी होती. हे श्रेय त्याचे आहे.

तो जहाजावर गेल्याला आता सात महिने झाले. विमान आजोबांच्या उशाशी फळीवर असते. घरात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात की बाजारात नॅट म्हणून मिळते ते दोन आसनी, हे एक आसनी आहे, आणि हे आमचे. परवा आजाऱ्यांच्या भेटी घेत फिरताना त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी मला जवळ बोलावले. बंगळूरने नॅटमध्ये सुधारणा करून पुढे अजित हे विमान बनवले; त्याचे पहिले उड्डाण १९७५ मध्ये झाले. त्यावरही त्यांनी काही वर्षे काम केले होते.

"फादर," ते म्हणाले, "अजितच्या पंखातच तेल भरायचो. म्हणून पंखाखाली शस्त्रं टांगायला चार जागा मिळाल्या. वरून बघाल तर नॅट आणि अजित सारखेच. पण मला फरक कळतो."

"मला माहीत आहे तुम्हाला कळतो," मी म्हटले.

"मग पोराला फोन करून सांगा. म्हणावं, येताना आणखी एक खोकं आण."